पोथी तीच, बासन वेगळं

शेजारच्या काकूंना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा आमच्या जिन्यात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "अहो, पण त्यांनी तर आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही!" रिपोर्टमध्ये 'अडेनोकार्सिनोमा' असं लिहिलं होतं, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, आणि खाली 'ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह', म्हणजे ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड. डॉक्टर म्हणाले, त्यातल्या त्यात बरी बातमी, यावर गोळी आहे. रोज एक जेफिटिनिब. महिन्याभरात खोकला गेला आणि काकू पुन्हा भाजीची पिशवी घेऊन दोन मजले चढायला लागल्या. सव्वा वर्षाने स्कॅनमध्ये पुन्हा ठिपके दिसले.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून त्यांच्या मुलाने मला जिन्यातच गाठलं. "मावशी, एक सांगा. गोळी त्या बिघडलेल्या जनुकावर काम करते. सगळ्या पेशींत बिघाड तोच आहे. मग काही मेल्या आणि काही उरल्या, असं कसं?"

मी तयार उत्तर दिलं. लाखो पेशींत एखादीत आधीच आणखी एक बदल झालेला असतो, ती गोळीला दाद देत नाही, तीच पुढे वाढते. हे खोटं नाही. पण घरी येऊन चहा टाकताना वाटलं, आपण पोराला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं जरा लांबण लावून सांगावं लागतं.

आपल्याकडे एखादी गोष्ट गुपचूप मागे टाकली की 'बासनात गुंडाळून ठेवली' म्हणतात. बासन म्हणजे पोथी बांधायचं फडकं. पोथी घरातच असते, एक अक्षरही पुसलेलं नसतं, पण बासन सोडलं नाही तर ती कोणी वाचत नाही. पेशीतली पोथी म्हणजे डीएनए. कॅन्सरबद्दल आपण वर्षानुवर्षं ऐकलं ते तिची अक्षरं बिघडल्याचं, म्हणजे म्युटेशनचं. बासनांबद्दल फार कमी ऐकलं.

आपल्या प्रत्येक पेशीत साधारण दोन मीटर लांबीचा डीएनए असतो, आणि तो ज्या केंद्रकात बसवायचा ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. म्हणून तो रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचं एक रीळ आणि त्याभोवती डीएनएच्या १४७ अक्षरांचे पावणेदोन वेढे, मग थोडा मोकळा दोरा, मग पुढचं रीळ. रिळं सुटी-सुटी असतील तिथली जनुकं वाचली जातात, एकमेकांना चिकटून घट्ट बसली की तिथली गप्प. फुप्फुसाच्या आणि यकृताच्या पेशीत पोथी एकच असते, फरक एवढाच की कुठली पानं उघडी आणि कुठली बांधलेली.

ही बांधाबांध एन्झाइम करतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात, पण बोलताना मी तरी कोणाच्या तोंडून तो शब्द ऐकलेला नाही. भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोडसर लागतो ना, ते लाळेतल्या एन्झाइमचं काम, ते पिठूळ पदार्थाची साखर करतं. तसेच केंद्रकातही काही एन्झाइम असतात. त्यांचं काम हिस्टोनवर किंवा थेट डीएनएवर बारीकशी रासायनिक खूण लावणं किंवा लावलेली खूण पुसणं.

खुणा मुख्यतः दोन. असिटाइल आणि मिथाइल. असिटाइलचं काम समजायला सोपं. हिस्टोनच्या शेपटीवर धन भार असतो, डीएनएवर ऋण, म्हणून ते एकमेकांना धरून बसतात. असिटाइल बसला की तिथला धन भार जातो आणि पकड सैल होते. 'एचडॅक' गटातले एन्झाइम तो असिटाइल काढून टाकतात आणि पकड पुन्हा घट्ट होते.

मिथाइलची गोष्ट गमतीची आहे. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, इतकीशी ती खूण. पण अर्थ ठरतो तो ती कुठे लावली त्यावरून. हिस्टोन एच३ च्या शेपटीवर चौथ्या जागी असेल तर 'हे उघडं ठेवा'. सत्ताविसाव्या जागी असेल तर 'हे बांधा'. छत्तिसाव्या जागी असेल तर सहसा 'इथे वाचन चालू आहे'. कपाळावरचं कुंकू आणि गालावरची तीट, दोन्ही ठिपकेच, पण अर्थ जागेवर ठरतो, तसंच काहीसं. सत्ताविसाव्या जागी तीन मिथाइल लावणाऱ्या एन्झाइमचं नाव ईझेडएच२. थेट डीएनएवर मिथाइल लावणारे ते डीएनएमटी. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, पुढे आली की ओळख पटेल.

आता फुप्फुसाकडे.

सिगारेटच्या धुराने डीएनएची अक्षरं बिघडतात हे पक्कं ठाऊक आहे. पण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका गटाने वेगळा प्रश्न विचारला: अक्षरं बिघडण्याआधी धूर बासनांचं काय करतो? त्यांनी माणसाच्या श्वासनलिकेच्या आतल्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांना रोज सिगारेटच्या धुराचा अर्क दिला. एक-दोन आठवडे नाही, तब्बल पंधरा महिने. ज्याने कधी प्रयोगशाळेत पेशी सांभाळल्या आहेत त्याला यातली चिकाटी कळेल. शनिवार-रविवार नाही, दिवाळी नाही, बुरशी लागली की सगळं मुसळ केरात.

२०१७ साली त्यांनी निष्कर्ष छापले. सुरुवातीच्या दिवसांतच डीएनएमटी आणि ईझेडएच२ काही ठरावीक जनुकांपाशी गोळा व्हायला लागले होते. हळूहळू तिथे मिथाइल साचत गेला आणि पेशीला आवर घालणारी जनुकं एकेक करून बांधली गेली. या काळात कॅन्सर पेटवणारे म्हणावेत असे अक्षरबदल पेशींत जवळजवळ सापडले नाहीत. मग त्यांनी मुद्दाम केरास नावाचं एक बिघडलेलं जनुक आत सोडलं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ते अनेकदा दिसतं. सहा महिने धूर खाल्लेल्या पेशींना त्याने काही झालं नाही. पंधरा महिने धूर खाल्लेल्या पेशींनी मात्र उंदरांत गाठी केल्या.

म्हणजे काडी तीच, सहा महिन्यांनी विझली आणि पंधरा महिन्यांनी भडकली. मधल्या काळात गवत वाळवण्याचं काम एन्झाइमांनी केलं होतं. मला या प्रयोगातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच, की बिघाड एका क्षणात होत नाही आणि त्या वाळण्याच्या काळात सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही दिसतही नाही.

अशा बांधल्या जाणाऱ्या जनुकांत पी१६ हे नाव वारंवार येतं. पेशीचं विभाजन थोपवणारा हा ब्रेक. न्यू मेक्सिकोतल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की काही रुग्णांच्या थुंकीतल्या पेशींत पी१६ किंवा एमजीएमटी या जनुकावरचा मिथाइल कॅन्सरचं निदान होण्याच्या तीन वर्षं आधीसुद्धा सापडतो. मग ही तपासणी आपल्या लॅबच्या दरपत्रकात का नाही? कारण तोच मिथाइल अशा कित्येक धूम्रपान करणाऱ्यांतही सापडतो ज्यांना पुढे कॅन्सर होत नाही. वाळलेलं गवत सगळीकडे असतं, आग सगळीकडे लागत नाही.

दुसरी गोष्ट थेट पोलीस तपासासारखी आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार स्क्वॅमस, त्याचा धूम्रपानाशी फार जवळचा संबंध. या प्रकारच्या साधारण पाचातल्या एका रुग्णात आठव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूचा एक तुकडा अनेक पट झालेला असतो, म्हणजे एकाच पानाच्या खंडीभर झेरॉक्स. त्या पानावर अनेक जनुकं आहेत, पण सगळ्यांची नजर गेली एफजीएफआर१ वर. त्याला कारणही होतं. ते जनुक पेशीला वाढीचा निरोप देतं आणि त्याला अडवणारी औषधं बनवता येत होती. औषधं बनली, रुग्णांवर चाचण्या झाल्या, आणि मोजक्याच रुग्णांना फायदा झाला. वर्षं गेली, पैसा गेला.

२०२१ साली टेक्सासचं एमडी अँडरसन आणि स्टॅनफर्ड इथल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की चोर सोडून संन्याशाला फाशी देणं चाललं होतं. त्याच पानावर एनएसडी३ नावाचं एक जनुक आहे. ते ज्या एन्झाइमची पाककृती आहे तो एन्झाइम हिस्टोनच्या छत्तिसाव्या जागी मिथाइल लावतो, म्हणजे 'वाचत राहा'ची खूण. उंदरांतून एफजीएफआर१ काढून टाकलं तरी गाठींना फारसा फरक पडला नाही. एनएसडी३ काढलं तर गाठी मंदावल्या आणि उंदीर जास्त जगले. आणखी एक खातरजमा त्यांनी केली. एनएसडी३ हे प्रथिन तसंच ठेवून फक्त त्याची मिथाइल लावण्याची शक्ती काढून घेतली, तर ते गाठ वाढवू शकेना. गुन्हेगार तो एन्झाइम होता, आणि हत्यार ती इवलीशी खूण. वाढीला मदत करणाऱ्या जनुकांची पानं तो सताड उघडी ठेवत होता.

इतकं वाचून कोणालाही वाटेल, मग हे एन्झाइम बंद करा की! मलाही वाटलं होतं. पण इथेच गाडी घाटात शिरते.

बोस्टनमधल्या मुलांच्या रुग्णालयात कार्ला किम यांचा गट फुप्फुसाच्या मूळपेशींवर काम करतो. २०१५ साली त्यांनी ईझेडएच२ बंद करून इटोपोसाइड हे जुनं केमो औषध देऊन पाहिलं. ज्या गाठींत ईजीएफआर बिघडलेलं होतं किंवा बीआरजी१ नावाचं जनुक बिघडलेलं होतं, त्या गाठी इटोपोसाइडने जास्त मरू लागल्या. ज्या गाठींत ही दोन्ही धड होती, त्यांत उलटंच झालं. ईझेडएच२ बंद केल्यावर त्या औषधाला आणखी निबर झाल्या. तीन वर्षांनी याच गटाने जी९ए या दुसऱ्या एन्झाइमबद्दल लिहिलं. तो बंद केला की बशीतली वाढ मंदावते, म्हणून तो खलनायक मानला जाई. पण उंदरांच्या अडेनोकार्सिनोमात तो कमी केल्यावर गाठीची बीजं म्हणाव्यात अशा पेशी वाढल्या आणि रोग अधिक पसरला.

शिवाय काही एन्झाइम मुळातच राखणदार असतात. केएमटी२डी चौथ्या जागी 'उघडं ठेवा' अशी खूण लावतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तोच अनेकदा निकामी झालेला सापडतो, आणि त्यामुळे आवर घालणारी जनुकं आपोआप झाकली जातात. एकाच आळीत एक भाऊ हवालदार, दुसरा दरोडेखोर, आणि तिसरा घर बघून धंदा ठरवणारा. म्हणून 'एपिजेनेटिक डाएट' (एपिजेनेटिक म्हणजे या बासनांशी संबंधित) किंवा 'डीएनए जागृत करा' असले व्हॉट्सॲप फॉरवर्ड आले की माझं डोकं फिरतं. कुठलं पान उघडणार, कुठलं मिटणार, हे फॉरवर्ड करणाऱ्याला कोण सांगणार?

आता काकूंच्या मुलाचा प्रश्न.

पीसी९ नावाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. एका जपानी रुग्णाच्या अडेनोकार्सिनोमातून त्या आल्या, आणि त्यांच्यात ईजीएफआरचा बिघाड आहे. म्हणजे काकूंच्या कॅन्सरच्या जातकुळीतल्याच. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेफ्री सेटलमन यांच्या गटाने या पेशींवर ईजीएफआर अडवणारं औषध भरपूर प्रमाणात ओतलं. बशी जवळजवळ रिकामी झाली. पण हजारांत तीन पेशी उरल्या.

या तिघींत काय वेगळं होतं? आधी झालेला एखादा अक्षरबदल असेल म्हणून त्यांनी एकट्या पेशीपासून नवी वसाहत वाढवली. सगळी एकाच आईची लेकरं, अक्षर न अक्षर सारखं. तरी औषध ओतल्यावर पुन्हा तेवढ्याच प्रमाणात काही उरल्याच. उरलेल्या पेशी बहुतेक वाढत नव्हत्या, नुसत्या दम धरून बसल्या होत्या. त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्याने पुढे औषधातच वाढायला सुरुवात केली. आणि खरी गंमत पुढे आहे: औषध काढून घेऊन त्यांना वाढू दिलं, की काही पिढ्यांनंतरची लेकरं पुन्हा पहिल्यासारखी औषधाने मरू लागली. अक्षर बदललं असतं तर असं झालं नसतं. बदललेलं अक्षर आपणहून पूर्ववत होत नाही. बासन मात्र बांधता येतं तसं सोडताही येतं.

या पेशींत केडीएम५ए नावाचा एन्झाइम वाढलेला होता. तो हिस्टोनच्या चौथ्या जागची 'उघडं ठेवा' ही खूण पुसत सुटतो. पानं मिटतात, पेशी शांत होते, वाढत नाही आणि मरतही नाही. केडीएम५ए कमी केल्यावर टिकून वाढणाऱ्या पेशींची संख्या घटली. एचडॅक अडवणारं औषध सोबत दिल्यावर दम धरून बसलेल्या पेशी मेल्या. हा शोधनिबंध २०१० सालचा. उन्हाळ्यात ओढ्यातले बेडूक चिखलात गाडून घेतात आणि मृगाच्या सरीने ओरडत बाहेर येतात, वर्गात मी याची तुलना त्यांच्याशी करते. पोरं हसतात, पण त्यांच्या लक्षात राहतं.

मग एचडॅक अडवणारं औषध गोळीसोबत सगळ्यांना द्यावं, नाही का? चाचणी झाली. एर्लोटिनिब या ईजीएफआर अडवणाऱ्या गोळीसोबत एचडॅक अडवणारं एन्टिनोस्टॅट देऊन पाहिलं, २०१२ मध्ये निकाल आला, आणि सरसकट रुग्णांना फायदा दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षी जॉन्स हॉपकिन्समध्ये एन्टिनोस्टॅट आणि डीएनएमटी अडवणारं अझॅसिटिडिन यांची जोडी ४५ रुग्णांवर वापरली होती. बहुतेकांना विशेष काही नाही, पण एका रुग्णाची गाठ पूर्ण नाहीशी झाली. एका रुग्णावरून धोरण ठरत नाही, पण कोणी ते विसरतही नाही.

ही औषधं निरुपयोगी आहेत असं नाही. अझॅसिटिडिन अमेरिकेत २००४ पासून अस्थिमज्जेच्या आजारात वापरलं जातं. ईझेडएच२ अडवणाऱ्या टॅझमेटोस्टॅटला तिथे जानेवारी २०२० मध्ये सार्कोमा या कॅन्सरच्या एका दुर्मिळ प्रकारासाठी मान्यता मिळाली. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारांत मात्र हा वर्ग अजून चाचण्यांतच अडकला आहे. आणि हो, फिट्सवर दिलं जाणारं व्हॅल्प्रोएटसुद्धा एचडॅक अडवतं. हे वाचून कोणी मेडिकलच्या दुकानाकडे निघालं असेल तर कृपा करून परत फिरा. त्या गोळीने यकृताला त्रास होऊ शकतो, आणि वर घाटाची गोष्ट सांगितलीच आहे.

बासनांची करामत कुठवर जाते ते सांगायचं राहिलं. ईजीएफआरची गोळी घेणाऱ्या शंभरातल्या तीन ते दहा रुग्णांत अडेनोकार्सिनोमा कात टाकतो आणि 'स्मॉल सेल' नावाचा वेगळाच, जास्त आक्रमक कॅन्सर होऊन उभा राहतो. तपासलं तर ईजीएफआरचा जुना बिघाड जागच्या जागी असतो, पण ते पान आता मिटलेलं असतं. पेशी ते जनुक वाचतच नाही, मग त्यावरची गोळी काय करणार? या रूपांतरात आरबी१ हा ब्रेक अक्षरासकट गेलेला असतो आणि ईझेडएच२ जोरात असतो, म्हणजे पोथी आणि बासन दोन्हीकडून घाव. गोळी चालेनाशी झाल्यावर डॉक्टर पुन्हा बायोप्सी मागतात त्याचं हेही एक कारण. घरच्यांना वाटतं, उगाच दुसऱ्यांदा सुई कशाला, रोग तर ठाऊकच आहे. पण रोगाने वेश बदललाय का, हे दुसरी सुई घातल्याशिवाय कळत नाही.

काकूंचीही पुन्हा बायोप्सी झाली. मधल्या आठवड्यात मी मुलाला हे सगळं सांगितलं, स्वैपाकघरात बसून, चहाच्या दोन फेऱ्यांत. तो हुशार आहे, लगेच म्हणाला, "मग गोळी महिनाभर बंद ठेवली तर पेशी पुन्हा तिला दाद देतील?" बशीत देतात. काही रुग्णांत मधे खंड पडल्यावर तेच औषध पुन्हा लागू पडल्याचं डॉक्टरांनी पाहिलंही आहे. पण शरीरात नुसते चिखलातले बेडूक नसतात. त्या महिन्यात बाकीच्या पेशी मोकाट सुटतात. तो निर्णय चहा पिता पिता घ्यायचा नाही.

रिपोर्ट आला: टी७९०एम. म्हणजे साधं जुन्या वळणाचं म्युटेशन, एक अक्षर बदललेलं. जेफिटिनिबसारख्या गोळीनंतर निम्म्याच्या आसपास रुग्णांत हेच सापडतं आणि त्यावर ओसिमर्टिनिब ही पुढची गोळी आहे. मुलगा माझ्याकडे बघून थोडं हसला. "मावशी, म्हणजे शेवटी अक्षरच होतं. तुमचं बासन-बिसन राहिलंच."

मी त्याला २०१६ सालचं एक काम सांगितलं, त्याच बोस्टनच्या रुग्णालयातलं, त्याच पीसी९ पेशींवरचं. टी७९०एम काही पेशींत आधीपासून असतं हे त्यांना दिसलं. पण काही वसाहतींत सुरुवातीला ते नव्हतं. दम धरून बसलेल्या पेशींत, औषध चालू असतानाच, ते पुढे कधीतरी घडलं. म्हणजे अक्षर बदलायला जो वेळ लागतो तो या मिटल्या पानांनी मिळवून दिला.

"म्हणजे वर्षभर आई बरी होती तेव्हा त्या तिथेच होत्या?"

"काही, असाव्यात. बसून."

त्याने रिपोर्टची घडी घातली, परत उघडली, आणि नव्या गोळीची किंमत मोबाइलवर शोधू लागला.